पिल्लूचं पहिलं हसू

ताई,

तू भिंतीपलीकडेच आहेस, तरी लिहितेय. तोंडानं मला जमत नाही, तुला माहितेय. शाळेत होते तेव्हा हजेरीला "हजर" म्हणतानाही माझा आवाज फुटायचा नाही.

बाळंतपणापासून तू भिंतीकडे तोंड करून पडून असतेस. पिल्लू दोन महिन्यांची झाली तेव्हा तू एकदाच विचारलंस, "हसते का गं ती?" मी म्हटलं, "अजून नाही." खोटं होतं ते. आदल्याच दिवशी लंगोट बदलताना ती माझ्याकडे बघून तोंडभर हसली होती. मला वाटलं, पहिलं हसू तुझं असायला हवं. म्हणून मग तिनं पाहिलं की मी तोंड मख्ख ठेवायचे, नाहीतर मान फिरवायचे. तुझ्यासाठी राखून ठेवत होते गं.

पिल्लू आता चार महिन्यांची आहे. आज नर्सबाई तिला तपासायला आल्या. त्यांनी चुटक्या वाजवल्या, जीभ काढून दाखवली. पिल्लू त्यांच्या खांद्यामागे कुठेतरी बघत राहिली. बाईंनी विचारलं, "हिच्याशी घरात कोणी बोलतं की नाही?" भावजी म्हणाले, "मावशी असते ना दिवसभर. पण ती पडली मुकी!" आणि हसले. मी फरशी पुसत राहिले.

बाई गेल्यावर मी पिल्लूपुढे हसले, पार गाल दुखेपर्यंत. तिनं मान फिरवली. अगदी मी फिरवायचे तशीच.

ताई, मला आता काही सुचत नाही. तिला तुझ्या पाठीमागे ठेवलंय. जागी आहे. एकदाच कूस बदल ना.

तुझी,
मुकी