शटरवरचं नाव

सोम. १० नोव्हें.
दिवाळीला माहेरी होते, युसूफ वडगावला. आज तेलगावात परत. येऊन बघते तर टेम्पोच्या शेडच्या शटरवर धाकटा दीर दत्ता दात काढून हसतोय. मोठं रंगवलेलं तोंड, खाली नाव, त्याखाली 'भावी जि.प. सदस्य'. शेड ह्यांनी बांधलं. आत ह्यांचा टेम्पो. हे जाऊन अजून वर्ष नाही झालं. जाब विचारला तर म्हणतो, "वहिनी, शटर मोकळंच व्हतं. गंज चढलता. उलट मीच रंग दिला." जेवले नाही. अंगाचा नुसता तिळपापड.

मंगळ.
सिरसाळ्याचा पेंटर गाठला. आधी हो म्हणाला. कुणाचं तोंड पुसायचंय ते कळल्यावर, "न्हाई ताई, मला गावोगाव कामं करायचीत." बरं. मीच करीन. काचपेपर, रेड ऑक्साईड, निळा ऑइलपेंट, अक्षरांना पांढरा.

बुध.
दत्ताची लेक कोमल आली होती. रविवारी मुलाकडचे तिला बघायला येणार. सहज बोलून गेली, "पप्पांनी सांगितलंय त्यास्नी, शेड अन् टेम्पो आपलाच हाय." तरीच. ठरलं, रविवारच्या आत माझं नाव चढणार. पाहुण्यांदेखत नाक कापायचं.

गुरु.
आमचे नेते दत्ता बीडला, तिकिटाच्या मागे. खरवडायला मिशीपासून सुरुवात केली. लई बरं वाटलं. पट्ट्यांच्या खाचांत गंज, बोटं सोलली. संध्याकाळी रेड ऑक्साईडचा हात. जाता-येता लोक थांबून बघतात.

शनि. १५
सकाळी निळा मारला. दात तरी खालून दिसतच होते मेल्याचे. मग जाड थर. रंगाच्या दुकानदाराने बजावलं होतं, "वाळंस्तोवर वर ढकलू नका, पट्ट्या चिकटत्यात." उन्हं कलल्यावर पांढऱ्यात लिहिलं: मंदा अंकुश. पुढं श्रीमती लावलं नाही. 'द' जरा वाकडा. असू दे.

रवि.
नेते आले. शटर बघून पांढरेफटक. तेवढ्यात पाहुण्यांची जीप वळणावर. नाव दिसू नये म्हणून दोन्ही तळव्यांनी शटर वर ढकललं. अर्ध्यात अडकलं. तसेच धावले, हात जोडून रामराम. तळवे निळेशार. मुलाचे वडील बघतच राहिले. म्हणाले, "हे काय ओ?" मी ओट्यावरूनच सांगितलं, "शेड माझं हाय. माझं नाव ओलं व्हतं, ते झाकाय गेले भावजी." पाहुण्यांचा चहा निम्मा तसाच. इतकं गोड काही बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं.

संध्याकाळी कोमल रॉकेल मागायला आली, पप्पांच्या हातासाठी. बाटली घेतली. दारात थांबून म्हणाली, "काकू, मला आवडला व्हता तो."

सोम.
मुलाच्या वडिलांचा निरोप: शेड कुणाचं ते आधी ठरवा, मग सुपारी फोडू.
शटर ओढून खाली घेतलं. पट्ट्यांवरचा रंग सोलून आला. नाव अर्धंमुर्धंच उरलंय.

मंगळ. १८
दत्ता स्वतः आला. ह्यांच्या दहाव्यानंतर पहिल्यांदा माझ्या दारात. मागे कोमल.
"वहिनी, तेवढं नाव खरवडून टाका. पोरीचं जमू द्या."
म्हटलं, "तुमी पाव्हण्यास्नी फोन लावा. म्हणा, शेड वहिनीचं हाय, मी खोटं बोललो. तरी जमंल."
"माझी इज्जत काय राहील?"
"माझी ठिवली व्हती का?"
कोमलचं वाईट वाटतं मला. खरंच वाटतं. पण माघार घेतली तर उद्या टेम्पोवरही ह्याचंच तोंड.
कोमल हळूच म्हणाली, "लावा ना, पप्पा."
त्याने खिशातून फोन काढला. नखांत अजून निळं होतं. मी शटरपाशी जाऊन पांढऱ्याचा डबा उघडला आणि पुसलेला 'मं' पुन्हा काढायला घेतला. तो नंबर शोधत होता की नुसताच बघत होता, कळलं नाही.