दुकानात चालतं, घरी नाही

के. आर. पुरम, बेंगळूरु
७ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप सत्यवतीअक्कास,
धाकट्या त्रिविक्रमचा शि. सा. न. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहितोय. लिहिण्याजोगं चांगलं काही नाही. जुना कंप्यूटर जळाला, त्याच्या बदली बनवणाऱ्या कंपनीनं वॉरंटीत नवा दिला. तो दसऱ्यापासून दोन मिनिटं चालतो आणि बंद. यल्लाप्पा मेकॅनिकनं मेमरी बदलली, पॉवर सप्लाय बदलला. दुकानात टेबलावर आडवा ठेवला की दिवसभर चालतो, घरी उभा केला की पुन्हा तेच! म्हणे, तुमच्या घरचा करंटच सरी नाही, म्हणजे बरोबर नाही. आता काय भिंती उकरू?

पुढच्या मंगळवारपर्यंत यशवंतपूरच्या शिवाप्पांना सुट्या भागांची बारा ड्रॉइंगं द्यायचीत. त्यांचं सॉफ्टवेअर याच मशीनवर आहे. फॅक्टरीतली नोकरी सुटल्यावर सत्तावन्नाव्या वर्षी मिळालेलं हे पहिलं काम. हेही गेलं तर मला कोण विचारणार? अक्का, मी फार घाबरलोय. काल सौम्यावर उगाच ओरडलो. ती बिचारी मुकाट्यानं उप्पीट ठेवून गेली.

तुझ्या मायेवरच तग धरून असलेला,
त्रिविक्रम

म्हैसूर
९ ऑक्टोबर

चि. त्रिविक्रमास अनेक आशीर्वाद.

बायकोवर ओरडून यंत्रं चालली असती, तर तुझ्या भावजींनी आगगाडी चालवली असती. आधी तिची समजूत काढ.

मग नीट वाच. आयुधपूजेला नव्या कंप्यूटरवर मूठभर अक्षता घातल्या, असं सौम्यानं कौतुकानं लिहिलं होतं. वरच्या जाळीवरच ना रे? अप्पांच्या टाइपरायटरवर मीही तशाच घातल्या होत्या, आठ दिवस एक अक्षर उठेना. तेव्हापासून आपल्याकडे अक्षता यंत्राच्या पायाशी घालतात. सुनेला हे कुणी सांगितलंच नाही, चूक आपली. यल्लाप्पाला मशीन उभं ठेवूनच आतला पंखा बघायला सांग.

धीर सोडू नकोस, राजा. मी आहे.
अक्का

के. आर. पुरम
१४ ऑक्टोबर

तीर्थरूप अक्कास, शि. सा. न.

तुझं पत्र शनिवारी संध्याकाळी आलं. काल सकाळी यल्लाप्पानं मशीन उघडलं. पंख्याच्या पात्यांत हळदीचे तांदूळ अडकले होते. मशीन आडवं केलं की दाणे बाजूला सरत, उभं केलं की पंखा अडे. दाणे काढले, चालू झालं.

लगेच शिवाप्पांना फोन लावला. ते म्हणाले, “स्वल्प उशीर झाला, त्रिविक्रमराव. काम शनिवारीच दुसऱ्याला दिलं.” शुक्रवारी मीच घाबरून त्यांच्यापाशी मशीनचं रडगाणं गायलो होतो. माझीच जीभ मला नडली.

सौम्या तेव्हा देवळात होती. यल्लाप्पाला बजावलं, बदललेली मेमरीच खराब निघाली म्हणून सांग. खरं कळलं तर ती जन्मभर स्वतःला बोल लावेल. काम गेल्याचंही तिला सांगितलं नाही. आज नऊ वाजता मशीनसमोर बसलो, जुनीच ड्रॉइंगं उघडली. ती दोनदा चहा ठेवून गेली, पावलं न वाजवता.

तुझं पत्र फाडलं. तुझी पत्रं ती वाचते, तेव्हा पुढचं जपून लिही. अक्का, या घरात मला रडायलासुद्धा जागा उरली नाही.

तुझा,
त्रिविक्रम

म्हैसूर
१७ ऑक्टोबर

चि. त्रिविक्रम व चि. सौ. सौम्या यांस अनेक आशीर्वाद.

मशीन चालू झाल्याचं वाचून जीव भांड्यात पडला. मेमरी खराब होती म्हणे. हल्लीच्या वस्तूंचा काय भरवसा! सौम्या, पूजा छान केलीस हो. पुढच्या दसऱ्याला मी येते, दोघी मिळून करू. कामाच्या नादात तो गप्प बसला तर मनाला लावून घेऊ नकोस.

त्रिविक्रमा, एवढं काम बरं नव्हे. चार दिवस सुट्टी काढून माझ्याकडे ये. मागची खोली रिकामी आहे, तिथं कुणी येत नाही.

वाट पाहणारी,
अक्का