अव्वाचा तळहात

सोलापूर
३० एप्रिल २०२५

चि. सौ. रुद्राणीस,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुला फोन करून काही कळत नाही. अव्वा समोर बसलेली असते, आणि तिला ऐकू येत नसलं तरी ओठांवरून ती सगळं वाचते, म्हणून तू उकाड्यापलीकडे बोलत नाहीस. म्हणून हे पत्र. कॉन्व्हेंटच्या हॉस्टेलमध्ये सिस्टर दर शनिवारी आम्हाला घरी पत्र लिहायला बसवायच्या. ती सवय चौसष्टाव्या वर्षी कामाला आली.

बातम्या पाहून कशात लक्ष लागत नाही. फिरोजपूरपासून सरहद्द दहा-बारा किलोमीटर, असं तूच कौतुकानं सांगायचीस. एक गोष्ट कबूल करते. अव्वाची माझ्याकडची पाळी जूनपर्यंत होती. घराला रंग द्यायचाय म्हणून मी तिला मार्चमध्येच तुझ्याकडे पाठवली. रंग दोनच खोल्यांना द्यायचा होता. खरं म्हणजे मी दमले होते. एकच गोष्ट समोर उभं राहून चारदा सांगायची, दिवसातून दहा वेळा. चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला मी स्वतःच्या आरामासाठी तिकडे धाडलं, हे आता मनातून जात नाही.

मी तिला न्यायला येते. वीस तारखेला निघायचं तिकीट काढलंय. मंजुनाथरावांना सोडून तू येणार नाहीस, ते मी मागतही नाही. अव्वाला तेवढं माझ्या हवाली कर. खाली राहणारी झीनतही रोज जिन्यात अडवून विचारते, अव्वा कब आती बोल म्हणून.

अव्वाच्या पायांना माझ्या वतीनं हात लाव. रागाव, पण माया कमी करू नकोस.

तुझी,
अक्का


रेल्वे कॉलनी, फिरोजपूर छावणी
५ मे २०२५

तीर्थस्वरूप सिद्धेश्वरीअक्कास,
रुद्राणीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दोन खोल्यांच्या रंगाला तीन महिने कसे लागतात, असं यांनी मला तेव्हाच विचारलं होतं. मी म्हटलं, माझी अक्का कुंचला घेऊन स्वतः रंगवतेय. तेव्हा ते मनाला लावून घेऊ नकोस.

काल रात्री अर्धा तास सगळी छावणी अंधारात ठेवली होती. तालीम, म्हणाले. सायरन वाजला तेव्हा आपल्या गिरणीचा भोंगा आठवला. फक्त हा ऐकून कुणी डबा भरायला उठत नाही. हे कंट्रोल ऑफिसात होते. एकतीस तारखेला रिटायर होणारा माणूस, पण रजा सगळ्यांच्याच रद्द झाल्यात.

अव्वाला आम्ही काही सांगितलेलं नाही. तू दिलेल्या दोन्ही सोलापुरी चादरी खिडक्यांना लावल्या आणि ऊन लागतं म्हणून सांगितलं. पण अंधार झाल्यावर पंचाईत झाली. तिला माझे ओठच दिसेनात. ती नुसती माझा पदर चाचपत बसली. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी तिचा तळहात उघडला आणि बोटानं त्यावर लिहिलं, ‘लाईट गेली’. तिनं मान हलवलेली माझ्या खांद्याला जाणवली. आता रोज हेच करायचं ठरवलंय. तूही तिला पत्र लिहिशील तर त्यात यातलं काही येऊ देऊ नकोस.

आणखी एक गंमत. परवापासून ती कडक भाकऱ्या करत सुटलीय. तू पाठवलेलं ज्वारीचं पीठ संपवलं, पत्र्याचा डबा गळ्यापर्यंत भरला. एवढ्या कोण खाणार विचारलं तर म्हणते, असू दे की. वय झालं आता.

वीसला तू निघ. तिला घेऊन जा, तेच शहाणपणाचं. मी राहीन एकटी.

तुझ्या धाकटीला आठवणीत ठेव.

तुझी,
रुद्राणी


सोलापूर
१० मे २०२५

चि. सौ. रुद्राणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आज सकाळी तुझं पत्र आलं. तळहाताचं वाचलं आणि हातातलं काम ठेवून बसून राहिले. तुला काय सुचलं कोण जाणे, म्हणतेस. मला ठाऊक आहे. तू ते पाहिलंयस.

एकाहत्तर साली आपण कुर्डुवाडीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये होतो. तू चार वर्षांची. बाबा मालगाडीचे गार्ड. डिसेंबरात त्यांना लष्कराच्या गाड्यांवर नेलं, ते एकोणीस दिवस घरी आले नाहीत. मी हॉस्टेलमधून सुट्टीला आले होते. काचांना खाकी कागद, दिव्याला कागदाचं टोपडं. बाबांचं एक कार्ड आलं. अव्वाला तेव्हा वाचता येत नव्हतं, आणि शेजाऱ्यांकडून वाचून घ्यायचं नव्हतं. म्हणून त्या अंधारात मी तिच्या तळहातावर एकेक अक्षर काढून तिला शिकवलं. तू तिच्या मांडीवर असायचीस. मध्येच तुझाही हात पुढे करायचीस.

आणि दिवसा ती कडक भाकऱ्या करायची. बाबा कुठल्याही घटकेला येतील आणि लगेच परत निघतील, तेव्हा डबा तयार हवा, म्हणून.

तुझ्या पत्रातला तो डबा मी पुन्हा पुन्हा वाचते आहे.

तिकीट अजून आहे. मंजुनाथरावांना ड्यूटीवरून घरी यायला मिळतंय का, ते लगेच कळव. तोवर माझा जीव तुझ्या दारात आहे असं समज.

तुझी,
अक्का


फिरोजपूर छावणी
१२ मे २०२५

तीर्थस्वरूप अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, पण थांबवत नाही म्हणून लिहिते. आम्ही सगळे सुखरूप आहोत. हे आधी.

हे गुरुवारी गेले ते शुक्रवारी आले नाहीत. फोन लागेना. दिवे घालवायची वेळ झाली, अंधार पडला, आणि मग लांब कुठे तरी काही फुटलं. तावदानं थरथरली. अव्वाला आवाज ऐकू आला नाही, पण पायाखालची फरशी तिलाही कळली असणार. मी घाईनं तिचा हात घेतला आणि लिहिलं, ‘लाईट गेली’. शेवटची वेलांटी राहूनच गेली.

तिनं माझा हात उलटा केला. माझ्या तळव्यावर सावकाश काहीतरी काढलं. मला वाटलं, नुसती चोळतेय. तिनं पुसल्यासारखं केलं आणि पुन्हा काढलं. ‘बाबा आलते.’ मग ते पुसून, ‘ह्योबी येतो.’

अक्का, मी तोंड उघडून रडले. तिला ऐकू जाणार नव्हतं, आणि दिसणारही नव्हतं. तिनं माझा हात मात्र सोडला नाही.

हे शनिवारी सकाळी दहाला आले. उभ्यानंच चार कडक भाकऱ्या दह्याशी खाल्ल्या, उरलेला डबा ऑफिसातल्या माणसांसाठी घेऊन परत गेले. संध्याकाळी लढाई थांबल्याची बातमी आली. चादरी अजून काढलेल्या नाहीत.

बाबा कुठून आलते गं? मला काहीच आठवत नाही. तू मोठी होतीस, तू सांग.

वीसचं काय करायचं ते तूच ठरव. अव्वाला विचारलं तर तिनं हा कागदच मागितला. खाली तिनं काही लिहिलंय, मला वाचू देत नाही. पाकीटही स्वतःच चिकटवणार म्हणते.

अंतर देऊ नकोस.

तुझी,
रुद्राणी

सिद्धी,
मला पैल्याच दिवशी कळलं. चादरी कोन खिडकीला लावतं व्हय. पर तिला मला सांभाळायचं काम व्हतं, तेवढाच तिला धीर. म्हनून गप बसले.
तू येऊ नको. हिला एकटी सोडून मी येत न्हाय. एकतीसला जावयाची नोकरी संपली की तिघंबी येतो. पीठ लई लागंल, पाठीव.
तवर तुजा रंगबी वाळंल.
अव्वा