गोबीला समुद्राचं पाणी नको

दादा,

आईचे कपडे न्यायला आले होते, तू घरी नव्हतास. दुपारच्या बोटीने परत सुवाला, इस्पितळात जातेय.

काचेच्या टाकीतला गोबी मासा जप. गावच्या मुखियांच्या सुतकात प्रवाळावर मासेमारी बंद आहे; हा गेला तर दुसरा आणता येणार नाही. पाणी कमी झालं की मागच्यासारखी समुद्राची बादली ओतू नकोस. पाणी उडून जातं, मीठ टाकीतच राहतं. पिंपातलं पावसाचं पाणी घाल. तो उडी मारतो, म्हणून जाळीचं झाकण घट्ट बसव. दिसला नाही तर मेला समजून वाळू उकरू नकोस. कोळंबीने खणलेल्या बिळात तो तिच्यासोबत राहतो.

आईने विचारलं, "वाइसाके का नाही आला?"

मी म्हटलं, "गोबीकडे बघायला कुणीतरी हवं ना."

"लिती, तो मासा मी पाळलाय. दोन दिवस उपाशी राहिला म्हणून मरत नाही. वाइसाकेचं भांडण माझ्याशी झालंय, मग त्या बिचाऱ्याला कशाला पुढे करता?"

परवा तिचं ऑपरेशन आहे. उद्याच्या बोटीत तुझ्यासाठी जागा सांगून ठेवलीय. निघण्याआधी माशाला खायला घाल.

लिती