ताटाखालचे पैसे

१२ ऑक्टोबर

ती. ऑर्फामावशीस,
सा. न. वि. वि.

तुला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू मनाचं घालतेस, म्हणून लिहितेच आहे. माझी तब्येत चांगली. नशेच्या गोळ्या सुटल्या त्या सुटल्याच. दवाखान्यात दर आठवड्याला तपासतात, अजून एकदाही खोट निघालेली नाही. कोंबड्यांच्या कारखान्यात कापणीच्या पट्ट्यावर मला कायम केलं. हात दुखतात, पण पाठ धरते आहे. खोली भाड्याने घेतली आहे. खिडकीपाशी मार्लीची खाट मावेल.

कोर्टाचा कागद आला. माझ्या गोळ्यांपायी मार्ली कागदोपत्री काउंटी सरकारच्या ताब्यात आहे, तुझ्याकडे फक्त सांभाळायला, म्हणून तिच्या पोटाचा खर्च मी दर महिन्याला त्यांच्या कचेरीत भरायचा म्हणे. मला हसूच आलं. पोरगी जेवते तुझ्या टेबलावर, तुझ्या हातचा मक्याचा पाव खाते, आणि पैसे मी कचेरीतल्या खिडकीत नेऊन टाकू? आपल्या घरची रीत मला ठाऊक आहे. मामी गिरणीत कामाला गेल्या, पोरं आजीकडे ठेवली, तेव्हा रविवारी जेवून उठताना ताटाखाली पैसे ठेवून जायच्या. देणाऱ्याला हात पुढे करावा लागत नाही, घेणाऱ्यालाही नाही. मी तेच करत आले आहे, तेच करीन. तू ताट उचलतेस ना, तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, मला लाज वाटते.

मार्लीचे लाड कर, पण फार नको. मग माझ्याकडे आल्यावर मला महाग पडेल.

तुझी,
डार्ला

२० नोव्हेंबर

चि. डार्लास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. इथे नाताळची झाडं तोडायला सुरुवात झाली आहे. सगळा डोंगर ट्रकांनी भरून गेला आहे आणि माझ्या परसात बाहेरगावचे मजूर पाणी मागायला येतात. मार्ली त्यांना माझ्या परवानगीशिवाय सफरचंदाचा मुरंबाही देते. अगदी तुझ्यावर गेली आहे, दुसऱ्याच्या बरणीवर उदार.

तिला फळ्यावरचं दिसत नव्हतं, म्हणून चष्मा केला. पुढच्या दारावरून चाललेली गाय शेजाऱ्यांची आहे हे तिला आता कळायला लागलं. बुटांत बोटं मावत नव्हती, तेही नवे घेतले. दोन्ही तुझ्या ताटाखालच्या पैशांतून. मी तिला सांगितलं की हे आईने घेतले. तेव्हापासून बूट झोपतानाही काढायला तयार नाही.

काउंटीच्या मिसेस टीग आल्या होत्या. आई काही देते का, असं विचारत होत्या. मूल सांभाळायचा परवाना काढताना त्यांनी आम्हाला वर्गात बसवून सांगितलं होतं की आईबापांकडून एक पैसा घ्यायचा नाही, काउंटी देते तेवढ्यातच भागवायचं. म्हणून मी म्हटलं की ती करायचं ते करते, आणि त्यांना केक कापून दिला. घरातली गोष्ट घरात. तू काळजी करू नकोस.

केस फार आखूड कापलेस. रविवारी दारात कोण पोरगा आला म्हणून मी बघत राहिले.

आशीर्वाद आहेतच,
ऑर्फामावशी

३ फेब्रुवारी

ती. ऑर्फामावशीस,
सा. न. वि. वि.

गेले काही रविवार मी का आले नाही ते आता लिहिते. बर्फाचं सांगितलं ते खोटं होतं. कचेरीत पैसे भरले नाहीत म्हणून त्यांनी माझं गाडीचं लायसन बंद केलं. कारखान्यात कामावर जायला लुपे नावाची मैत्रीण तिच्या गाडीत घेते, पण तिला डोंगरापर्यंत ये कसं म्हणू? आणि आता मी भेटायला येत नाही, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे.

खरी गोष्ट पुढेच आहे. काउंटीने अर्ज केला आहे की मार्लीवरचा माझा हक्क कायमचा काढून घ्यावा. कारण काय, तर पोरगी त्यांच्याकडे असताना, कागद यायच्या आधीचे धरून, सहा महिने मी कमावत होते आणि तिच्या पोटासाठी काहीच दिलं नाही. ताटाखाली ठेवले ते पैसे कुठल्याच हिशेबात नाहीत. कोर्टाने दिलेला वकील पोरसवदा आहे, पण मनाने चांगला. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला की आता एकदम भरले तरी मागचे महिने कोरेच राहतात. ज्याने घेतले त्याने उभं राहून सांगितलं तरच काही होईल.

मावशी, तू सांगू नकोस. माझी शपथ आहे. तू पैसे घेतलेस हे कळलं की तुझा परवाना जाईल, आणि काउंटीवाले तिला परक्यांच्या घरी नेतील. कागदावर ती कुणाचीही असू दे, तुझ्या घरात असली की मला झोप लागेल.

डार्ला

१० फेब्रुवारी

चि. डार्लास,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि मग कोठारात जाऊन उगाच लाकडं फोडत बसले. तुझ्याकडून पैसे मागतात, आणि तीच कचेरी मला पोरीला सांभाळायचे पैसे देते. मधल्या मधे हा कुठला खेळ आहे, मला कळत नाही. मी वर्गात बसून सगळं ऐकलं होतं, सही केली होती, आणि तरी ताट उचललं. मला वाटलं होतं की आपल्या माणसांत चालतं.

मिसेस टीग परवा पुन्हा आल्या. तुझा हक्क गेला तर मार्लीला मी दत्तक घेईन का, असं विचारलं. खोटं कशाला लिहू, एक क्षण मला फार बरं वाटलं. ती माझीच होईल, कुणी न्यायला येणार नाही, म्हातारपणी घरात पावलं वाजतील. मग तुझी आई आठवली आणि मला माझीच शरम वाटली.

मार्ली रोज विचारते की आई का येत नाही. मी अजून बर्फाचंच सांगते आहे. काल तिने मला खिडकीपाशी नेलं आणि दाखवलं की रस्ता कोरडा आहे.

शपथेचं मी काही कबूल करत नाही. विचार करते आहे.

ऑर्फामावशी

१६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मंगळवारी तारीख आहे. मी गप्प बसून राहीन, तू पण गप्प बस. मी एकदा तिचं घर मोडलं आहे, दुसऱ्यांदा मोडायचं नाही. तिला तुझ्या चुलीची, तुझ्या आवाजाची सवय झाली आहे. मला आई म्हणायचं ती विसरेलही, पण रात्री अनोळखी छताखाली रडणार तर नाही ना. माझं एवढं ऐक.

डार्ला

२१ फेब्रुवारी

चि. डार्लास,
अनेक आशीर्वाद.

कोर्टाबाहेर तू माझ्याकडे न बघता निघून गेलीस. तुझं बरोबरच आहे. म्हणून जे बोलायचं होतं ते लिहिते.

न्यायाधीशबाईंनी मला दोनदा विचारलं की या बोलण्याचे परिणाम तुम्हाला कळतात ना. मी म्हटलं, कळतात. महिनोन्महिने तू पैसे ठेवलेस आणि मी घेतले, चष्मा नि बूट त्यातलेच, हे सगळं सांगितलं. अर्ज फेटाळला ते तू ऐकलंसच. तुझं लायसन परत मिळेल, पैसे कचेरीतच भर आणि पोरीला घरी न्यायची तयारी कर, असं त्यांनी सांगितलं. आता तरी त्या खिडकीत जाऊन भर गं बाई.

माझा परवाना तिथेच थांबवला. संध्याकाळी मिसेस टीग गाडी घेऊन आल्या. त्यांचेही डोळे ओले होते, त्यांना बोल लावू नकोस. मार्लीचे कपडे मी घड्या करून दिले. ती रडली नाही. तिने एवढंच विचारलं की मी काय केलं म्हणून मला पाठवता. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की तू काही केलं नाहीस, चूक माझी झाली. तुझी आई तुझ्यासाठी देत होती आणि मी ते सांगितलं नव्हतं. आता सांगितलं. तिला किती समजलं कोण जाणे. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तोवर मी अंगणात होते. मग आत आले आणि काय करावं ते सुचेना.

तुझी शपथ का मोडली ते सांगते. मी गप्प बसले असते तर ती माझ्याकडे राहिली असती, सुखात राहिली असती. मोठी झाल्यावर कधीतरी आपला कोर्टाचा कागद मागवून घेतला असता, पोरं मागवतातच. त्यात लिहिलेलं असतं की हिच्या आईने हिच्या पोटासाठी काही दिलं नाही. ते वाचल्यावर मी तिला काय सांगणार होते? तेव्हा माझा शब्द कुणी मानला नसता, आणि मला तिच्या तोंडाकडे बघवलं नसतं.

माझ्याकडून गेली, डार्ला. तुझ्याकडून जाऊ दिली नाही.

राग असेल तोवर लिहू नकोस. पण राग फार दिवस पुरवू नकोस, मी म्हातारी आहे.

ऑर्फामावशी

८ एप्रिल

ती. ऑर्फामावशीस,
शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

राग होता. पत्र फोडायलाच बरेच दिवस लागले, आणि फोडल्यावर उत्तर लिहायला त्याहून जास्त. रात्री ती कुठल्या छताखाली असेल एवढंच डोक्यात यायचं, आणि मग मी तुलाच दोष द्यायचे. आता तसं नाही.

शनिवारी तिला कचेरीतल्या खोलीत भेटले. खेळण्यांची पेटी, प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात लिहीत बसलेली बाई. मार्ली बारीक झाली आहे. सुरुवातीला रात्री फार रडली म्हणे, हे तुला लिहावं की नाही असं वाटलं, पण आता आपल्यात लपवाछपवी नको. पहिल्यांदा ती माझ्या मांडीवर बसून माझ्या हातांवरचे वळ बघत राहिली. मग तुझी चौकशी केली. मी म्हटलं, मावशी ठीक आहे, तू घरी आलीस की तिच्याकडे जेवायला जाऊ. तेव्हा कुठलं कोर्ट विचारणार आहे?

निघताना, आता मार्ली जिच्या घरी असते ती नवी बाई मला बाजूला घेऊन बोलली. वाईट नाही बाई. तिच्याकडे आणखी दोन मुलं आहेत आणि त्यांची जेवताना भांडणं चालतात, कुणाची आई कशी आहे यावरून. एकाने मार्लीला म्हटलं की आपल्या सगळ्यांनाच आयांनी टाकून दिलंय. मार्ली घास खाली ठेवून म्हणाली, "मला नाही टाकलं. माझी आई माझे पैसे देते. कोर्टात सांगितलंय."

तुझीच,
डार्ला