चिठ्ठ्या पोहोचवणाऱ्या सुनेचं पत्र

तिरोडा तालुका,
५ ऑगस्ट २००७

ती. सौ. धुरपताताई यांस,

तुमच्या एकुलत्या भावजयीचा, म्हणजे शामकलाचा, वाकून नमस्कार. (समोर असले की तुम्ही वाकू देत नाही, म्हणून पत्रात वाकून घेते.) तुमची आणि भाऊजींची तब्येत बरी असेल. इकडे सर्व खुशाल. रोवणी आटोपली, चोरखमाऱ्याच्या तलावाचं पाणी धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं. आईंचा रक्तदाब त्यांच्या आवाजाइतकाच वर आहे. तुमचे भाऊ ठणठणीत आहेत, फक्त माझ्याशी बोलत नाहीत, त्यामुळे घरात जरा शांतता आहे.

हे पत्र मी काही मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. तुमच्या कानावर काहीबाही आलं असेलच (आपल्या गावची बातमी नागपूरला एसटीच्या आधी पोचते), तेव्हा खरं काय ते माझ्याकडून कळावं, एवढाच हेतू. महिन्याच्या शेवटी नागपूरला आमची नेटवर्किंगची परीक्षा आहे. ती दिली तरच सर्टिफिकेट. आणि घरच्यांनी माझं वर्गात जाणं बंद केलं आहे.

मुळात मला तिथं घातलं तेही घरच्यांनीच. केशोरावांनी आपल्या राइस मिलच्या माडीवर कम्युनिटी कॉलेज काढलं, त्याला मंजुरीसाठी पंधरा नावं हवी होती आणि चौदा झाली होती. पंगतीत एक पान रिकामं राहिलं की घरच्याच बाईला बसवतात, तसं तुमच्या भावांनी माझं नाव देऊन टाकलं. "नाव देलो आहो, जाची गरज नाही," म्हणाले. पुढे तपासणीवाले येऊन माणसं मोजणार असं कळलं आणि जाची गरज पडली. मी एका दिवसापुरती गेले, आणि ताई, आठ महिने जातच राहिले. चौदातले निम्मे पोलीस भरतीला धावायला गेले, काही पुण्याला गेले. जिची गरज नव्हती तीच टिकली.

कॉलेजचं सांगायचं तर पाच कॉम्प्युटर आहेत, त्यातले तीन चालतात, तेही लाइन असली तर. खालून मिलचा कोंडा उडतो म्हणून त्यांच्यावर जुन्या लुगड्यांची झाकणं घातली आहेत. राउटर नावाची जी पेटी दोन नेटवर्कना जोडते (म्हणजे इकडचं तिकडे पोचवते), ती केशोरावांनी काचेच्या कपाटात कुलपात ठेवली आहे. पाडव्याला तिला हार घातला, हळदकुंकू लावलं आणि पुन्हा कुलूप लावलं, कारण उघडली तर गॅरंटी जाते. मशीनला गार लागतं म्हणून एका खोलीला एसी आहे, तिथं उन्हाळ्यात केशोरावांचे पाहुणे बसतात. मशीन बाहेर आमच्याबरोबर.

अशा परिस्थितीत आमचे टिकेश सर (वय चोवीस, मला काकू म्हणतात आणि चुकलं की डस्टर आपटतात) करतील काय? त्यांनी आम्हालाच कॉम्प्युटर केलं. व्हरांड्याच्या एका टोकाला रुचि, आपल्या किराणावाल्या भैय्यालालांची मुलगी. दुसऱ्या टोकाला वर्गातलाच तिलक. आणि मधे राउटर म्हणून मी, वयानं मोठी म्हणून. सरांनी सांगितलं की दोन कॉम्प्युटर बोलायला लागण्याआधी एकमेकांची परवानगी घेतात. पहिला विचारतो, मी बोलू का? दुसरा म्हणतो, बोल, मी पण बोलू का? पहिला म्हणतो, बोल. आणि उत्तर आलं नाही तर पहिल्यानं तेच पुन्हा विचारायचं. (इतकी सभ्यता मी एकाही लग्नाच्या बैठकीत पाहिली नाही.) हे सगळं चिठ्ठ्यांवर लिहून माझ्या हातून जायचं. त्या दिवशी तिलक मधेच चहा प्यायला उतरला. उत्तर येईना. रुचि अभ्यासाची पक्की, तिनं नियमाप्रमाणे तीनदा विचारलं. चिठ्ठ्या परत आल्या त्या तिनं डब्यात टाकल्या, आणि डबा घासायला घेतला तिच्या आईनं, सुशिलाबाईंनी.

संध्याकाळी भैय्यालाल आपल्या ओसरीवर. हातात तीन चिठ्ठ्या, त्यांना वरणाचा वास. "मी बोलू का, मी बोलू का, मी बोलू का! तीन-तीन बार? ये कौनसी पढ़ाई है, भाभी?" मी समजावणार तोच त्यांनी सोबत आणलेल्या रुचिला विचारलं, "बीच में कौन था?" पोरगी खरं बोलणारी. म्हणाली, "काकू होत्या ना."

आईंनी सूप खाली ठेवलं. "पंचेचाळीस वर्साची झाली अन् पोट्ट्यापोट्टीच्या चिठ्ठ्या पोचवून राहिली! कायले?"

दुसऱ्या दिवशी हनुमानाच्या पारावर बैठक बसली. केशोराव म्हणाले, "भाऊ, हा सरकारचा सिलॅबस आहे. मी काय करू?" टिकेश सरांनी इंग्रजी पुस्तक आणून दाखवलं. वाचता कुणालाच येईना, पण चित्र सगळ्यांना कळलं: दोन कॉम्प्युटर समोरासमोर आणि मधे जाणारे-येणारे बाण. ते बघून भैय्यालाल खालीच बसले. सुशिलाबाईंनी तेवढं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "अन् त्या पोट्ट्यानं उत्तर देलन का नाही?"

निकाल असा लागला की रुचि परीक्षेला जाऊ शकते, पण सोबत शामकलाभाभी पाहिजे, कारण वर्गात लग्न झालेली तेवढीच. म्हणजे त्यांच्या घरी मी राखणदार आणि आपल्या घरी मी पोरी बिघडवणारी. मी नाही गेले तर ती पोरगीही घरी बसेल.

हसण्यावारी नेते आहे, ताई, पण एक सांगते. शिकताना पहिल्यांदा दोन कॉम्प्युटर मी स्वतः जोडले. वायरीचे आठ रंगीत धागे ओळीनं लावले, टोक दाबून बसवलं आणि पलीकडच्याला हाक मारली (म्हणजे टाइप केली). पडद्यावर चार ओळी आल्या, चारही उत्तराच्या. एका हाकेला चारदा ओ! "काऊन, काय पाहिजे?" नाही, "थांब जराशी" नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, ताई, मी किती हाका मारल्या असतील. डोळे भरून आले. सर विचारायला लागले तेव्हा मी सांगितलं, डोळ्यात कोंडा गेला.

असो. मागायचं काहीच नव्हतं. भाऊजींना नमस्कार सांगावा.

तुमची,
शामकला

ता.क. नागपूरहून आईंच्या नावे एक पत्र येईल का, की शामकलाला दोन रात्रींसाठी पाठवा? कारण तुम्ही शोधा, माझी सगळी वापरून झाली आहेत. रुचि सोबत येईल. तुमचा शब्द या घरात कोणी मोडत नाही. फोन करू नका, आई फोनखालीच झोपतात. आणि हे पत्र वाचून फाडा.

ता.क. २. आपल्या घरची रीत तुम्हाला माहीत आहे, घरातून पत्र निघालं की त्यात सगळ्यांच्या दोन ओळी. मी पाकीट चिकटवणार तोच तुमच्या भावांनी "मी पण लिहितो" म्हणून ओढून घेतलं आणि ओसरीवर बसून पहिल्यापासून वाचलं. मोठ्यानं. खालचं अक्षर त्यांचं.

"ताई, भोजराजचा नमस्कार. मी बोलत नाही म्हणते, तं बोलावं कधी? घरी राहिली तरी वायरच सोलत बसते. आई सांगून राहिली ते लिहितो: धुरपता, गावात जेवढं ऐकाचं होतं तेवढं मी ऐकून घेतलं. आता शामकला फेल झाली तं सप्पा ऐकलेलं फुकट गेलं. पास करूनच वापस पाठवजो. पण दोघी बायाच जाऊन राहिल्या, हे मले बरं नाही वाटत. म्हणून मी पण येतो."

ता.क. ३. आई येतात म्हणून तुमचे भाऊ येतात. रुचि येते म्हणून भैय्यालाल आणि सुशिलाबाई येतात. कॉलेजचं नाव निघेल म्हणून केशोराव आपली जीप काढतात. (तिलक एसटीनं येईल, ही भैय्यालालांची अट.) तुमच्याकडून पेपरला दोघी बसणार, जेवायला सात. तांदूळ आम्ही आणतो. फक्त ताई, आदल्या रात्री मला अभ्यासाला एखादी खोली मिळेल का? लहान असली तरी चालेल, आतून कडी लागली म्हणजे झालं.