बदली पुतळा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, अविवाहित, धंदा खास मापाचे उंची पोशाख शिवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याची खात्री डॉक्टरांनी करून घेतली आहे. परवा माझे ऑपरेशन आहे आणि त्यातून उठेन याची हमी काही त्यांनी दिलेली नाही.

१. राहते घर व बँकेतील शिल्लक माझ्या बहिणीच्या मुलीस मिळावी. ती माझ्याच हाताखाली शिकली आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. हे मी तिला तोंडावर कधी म्हटले नाही, कारण कौतुकाने माणूस शेफारतो असे मला वाटे. कातऱ्या आणि इस्त्र्याही तिच्याच. मोठ्या कातरीने कागद कापल्यास मी मानगुटीवर बसेन.

२. धाकट्या भावाने "बायकांची मापं घेत बसणं हा काय धंदा आहे?" असे म्हणून माझ्याशी अबोला धरला. शिवणखोलीचे भाडे मात्र अबोला न मोडता घेत राहिला. त्याला ट्रायलच्या खोलीतला तीन बाजूंचा आरसा द्यावा. त्यात माणूस मागूनही दिसतो.

३. आता पुतळ्यांविषयी. आमच्या धंद्यात प्रत्येक कायमच्या गिऱ्हाइकाचा एक कापडी पुतळा असतो. त्यावर कापूस चढवत त्या बाईचे अंग जसेच्या तसे उभे करायचे. ती सुटली की कापूस वाढवायचा, वाळली की काढायचा, म्हणजे तिला सारखे बोलवावे लागत नाही. जगाला पोशाख दिसतो, अंग फक्त आम्हाला माहीत असते.

यंदा संग्रहालयाने उंची पोशाखांच्या इतिहासाचे प्रदर्शन मांडले. बाहुल्यांना नमुने घालून परगावी पाठवत, तिथपासून जिवंत मुली ते घालून गिऱ्हाइकांपुढे चालू लागल्या, तिथपर्यंत सगळे. माझे काही पोशाख मागितले. मीच पुढे होऊन म्हणाले, "नुसता पोशाख काय दाखवता? तो कशावर शिवला तेही दाखवा की." आणि माझ्या जुन्या गिऱ्हाईक असलेल्या गायिकाबाईंचा पुतळा दिला. त्यांच्या पाठीला बाक आहे, उजवा खांदा उतरलेला आहे. आयुष्यभर त्या मंचावर ताठ दिसल्या त्या मी बेतलेल्या कपड्यांमुळे, असा माझा तोरा. एकीकडे पोशाख, शेजारी उघडा पुतळा, वर दिवा, खाली त्यांचे नाव. त्यांना विचारावे हे माझ्या मनातही आले नाही. मला तिथे फक्त माझे काम दिसत होते.

उद्घाटनाला त्यांना मीच बोलावले. एक मुलगी पुतळ्यासारखा खांदा पाडून मैत्रिणीला हसवत होती. बाई पुतळ्यापुढे येऊन म्हणाल्या, "हुबेहूब झालाय हो." मी मूर्खासारखी खूश झाले. तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "नवऱ्यासमोरसुद्धा मी दिवा मालवून कपडे बदलायचे." आणि सुनेचा हात धरून निघून गेल्या. त्या आता माझा फोन घेत नाहीत. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले आहे, आणि ते व्हायलाच हवे.

४. संग्रहालय म्हणते, करार झाला आहे, जागा रिकामी ठेवता येणार नाही. बदली पुतळा दिल्यास हा परत देऊ. तरी भाचीने माझा पुतळा करून तिथे द्यावा. गायिकाबाईंचा पुतळा चादरीत नीट गुंडाळून तिने स्वतः त्यांच्या घरी पोचवावा, टेम्पोवाल्यावर सोडू नये. माझ्या वतीने क्षमा मागू नये. मेलेल्या माणसाला नाही म्हणणे अवघड जाते, आणि त्यांना नाही म्हणता आले पाहिजे. बाकीचे पुतळे उसवून कापूस मोकळा करावा.

५. या पुतळ्यासाठी काल भाचीने माझी मापे घेतली. जन्मभर दुसऱ्यांना टेप लावली, मला कोणी लावली नव्हती. दार बंद, पडदा ओढलेला, समोर पोटच्या मुलीसारखी पोर, तरी मला ब्लाउजची बटणे सुटेनात. माझा डावा स्तन आजारात काढलेला आहे. तिथे मी कापसाची गादी शिवून घालत आले आणि हे घरात कोणालाच माहीत नव्हते. भाचीने टेप खाली ठेवली, तोंड फिरवले, मग पुन्हा उचलली.

माप झाल्यावर तिने विचारले, "मावशी, पुतळ्याला या बाजूनं थोडा कापूस भरू का? कुणाला कळणार नाही."

मी म्हणाले, "भर."

माझे ते "भर" या मृत्युपत्राने रद्द समजावे. पुतळा मापाबरहुकूम करावा. तो उघडा ठेवावा, वर दिवा असावा आणि खाली माझे पूर्ण नाव लिहावे.

स्थळ: शिवणखोली
दिनांक: ११ ऑक्टोबर

सही: (मृत्युपत्र करणारी)

आम्हा दोघांच्या समक्ष, वाचून दाखवल्यावर, तिने स्वतःच्या हाताने सही केली.
साक्षीदार: १. घरचे डॉक्टर
२. शेजारचे बटणांचे दुकानदार